जिहून म्हणजे काय? कोरियन नावाचा अर्थ शोधायची रीत

रांजणगाव-तळेगाव पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्या आणि आमच्यासारख्या दुभाष्यांच्या पोटापाण्याची सोय झाली. मीटिंग संपते, व्हिजिटिंग कार्डं हातात उरतात आणि चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "ह्या जिहूनचा अर्थ काय हो?" घरी कोरियन मालिका बघणारी भाचीही तेच विचारते. सुरुवातीला मी दोघांनाही एकच उत्तर द्यायचे: "जि म्हणजे शहाणपण, हून म्हणजे मोठं कर्तृत्व." बाळांच्या नावांच्या याद्यांतही असंच काहीतरी छापलेलं असतं. उत्तर अगदी चूक नव्हतं, पण समोर बसलेल्या माणसाला ते लागू पडेलच असं नव्हतं.

कारण कोरियन नावाचा अर्थ उच्चारात नसतो. त्या उच्चारामागे घरच्यांनी जी चिनी अक्षरं निवडलेली असतात, त्यांत तो असतो. ह्या अक्षरांना कोरियात 'हांजा' म्हणतात. म्हणून "जिहूनचा अर्थ काय?" ह्याच्या आधी "कुठला जि आणि कुठला हून?" हे विचारायचं. एकदा ही सवय लागली की कुठल्याही कोरियन नावाचा माग काढता येतो. इथे नमुन्याला जिहूनच घेऊ, कारण हे नाव तुम्हाला भेटणार हे नक्की. १९८० मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये दक्षिण कोरियात जन्मलेल्या मुलग्यांचं ते सर्वांत लाडकं नाव होतं. आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेले, म्हणजे कारखान्यांत मॅनेजर होऊन आपल्याकडे येणारे, नेमके त्याच पिढीचे.

पहिलं काम: नाव कानाने ऐका

मराठी डोळ्याला 'जिहून' पाहिलं की पुण्याहून, साताऱ्याहून आठवतं, आणि हे 'जि' कुठलं गाव असं वाटतं. गंमत इथेच थांबत नाही. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ह कोरियन माणूस भरभर बोलताना जवळजवळ गिळतो, त्यामुळे 'जिहून' पुष्कळदा 'जिऊन' ऐकू येतं. पंचमीचे प्रत्यय ऊन, हून, असं शाळेत घोकलेलं असतं, तेच दोन्ही इथे हजर. अर्थात हा निव्वळ योगायोग.

कोरियन लिपीत हे नाव दोन ठोकळ्यांचं आहे. पहिल्यात ज आणि त्याच्या उजवीकडे इ. दुसऱ्यात वर ह, त्याखाली उ, आणि सगळ्यात खाली न. आपल्याकडे जोडाक्षरं एकावर एक रचतात त्याच जातीची रचना. ज हा 'जीभ'मधला घ्या, 'जाळं'मधला नको. त्यातही शब्दाच्या सुरुवातीला हा ज थोडा च कडे झुकतो.

हे झुकणं रोमन लिपीत गोंधळ घालतं. १९३० च्या दशकात परदेशी अभ्यासकांनी केलेल्या जुन्या लेखनपद्धतीत हा आवाज सी-एच असा लिहीत. २००० साली कोरियन सरकारने आणलेल्या पद्धतीत तो जे झाला. शिवाय 'हून' कुणी एका यू ने लिहितं, कुणी दोन ओ ने. पासपोर्टवर ज्याला जे पटलं ते. त्यामुळे स्पेलिंग वेगळं म्हणजे नाव वेगळं असं समजू नका. उलटंही होतं. जपानमध्ये गाजलेला, १९५६ साली बुसानमध्ये जन्मलेला 'गो' ह्या पटावरच्या खेळाचा खेळाडू आणि कोरियाचा एक मोठा कवी, दोघांची नावं जुन्या रोमन लेखनात सारखीच दिसतात. खेळाडू आहे चो छिहून, कवी आहे चो जिहून. अक्षराच्या डोक्याशी काढलेल्या स्वल्पविरामाएवढ्या खुणेचा काय तो फरक, आणि ती खूण छापताना बहुतेकदा गळते. देवनागरीत मात्र छ आणि ज वेगळे लिहिले की झालं. कोरियन नावं रोमनमधून न आणता थेट कानावरून लिहावीत असं मी जे सांगत असते ते ह्यासाठी.

दुसरं काम: कुठला जि, कुठला हून

'जि' असा उच्चार असलेली चिनी अक्षरं डझनावारी आहेत. मग कोरियन माणूस फोनवर आपलं अक्षर कसं सांगतो? अक्षराचा अर्थ आधी आणि उच्चार मागून, असं जोडनाव घेऊन. आपण नाही का सांगत, 'ण बाणाचा', 'पोटफोड्या ष'? तसंच. फरक एवढाच की आपण आकार किंवा उदाहरण सांगतो आणि ते अर्थ सांगतात.

जिहूनमध्ये हटकून भेटणारे चार जि असे. 'त्तुत् जि' म्हणजे मनात धरलेल्या इराद्याचा जि. 'सुल्गी जि' म्हणजे शहाणपणाचा. 'आल जि' म्हणजे जाणण्याचा. आणि 'जिछो जि' म्हणजे एका पवित्र, सुगंधी मानलेल्या वनस्पतीचा. हून मुख्यतः तीन. 'गोंग हून' म्हणजे राज्याच्या किंवा समाजाच्या कामी आलेल्या कर्तबगारीचा, पदकं ज्यासाठी देतात त्या जातीच्या कामगिरीचा. 'ह्यांगपुल हून' सुवासिक गवताचा. 'गारुछिल हून' शिकवण्याचा.

चार गुणिले तीन, म्हणजे नेहमीच्याच जोड्या बारा होतात. उच्चार एक, नावं बारा.

प्रसिद्ध माणसं घेऊन पाहा. 'रेन' ह्या नावाने गाणारा, १९८२ मध्ये जन्मलेला जंग जिहून हा शहाणपण आणि सुवास असा आहे. सेव्हन्टीन ह्या गायकांच्या गटातला वूजी, म्हणजे ई जिहून, जाणणं आणि कर्तबगारी. वॉना वन ह्या गटातून पुढे आलेला पाक जिहून हा इरादा आणि शिकवण. तिघांच्याही चाहत्यांना 'जिहून म्हणजे शहाणा पराक्रमी' असं सांगितलं तर तिघांच्याही बाबतीत ते फसेल.

तिसरं काम: अक्षर उघडून पाहा

इथे घाई करू नका. जेवढं हाती लागतं ते इथेच लागतं.

इराद्याच्या जि मध्ये खाली 'हृदय' आहे आणि वर 'विद्वान' असा अर्थ असलेला भाग. सात रेघांचं साधं अक्षर. आपल्याकडचं 'संकल्प' हे नाव त्याच्या जवळचं. जाणण्याच्या जि मध्ये डावीकडे बाण आणि उजवीकडे तोंड. त्याच अक्षराखाली 'सूर्य' किंवा 'दिवस' ह्याचा चौकोन ठेवला की शहाणपणाचा जि तयार होतो. म्हणजे हे दोन जि सख्खे. चिनी बौद्ध ग्रंथांत संस्कृतातल्या 'ज्ञान' ह्या शब्दासाठी जे अक्षर योजलं, ते हेच शहाणपणाचं जि.

हूनची गोष्ट त्याहून रंगतदार. कर्तबगारीच्या हूनमध्ये वरचा मोठा भाग 'धूर' हा आहे, त्याच्या पोटाशी आगीचे चार ठिपके, आणि बाजूला 'बळ'. सुवासाच्या हूनमध्ये तोच धूर, पण डोक्यावर गवताचं चिन्ह. उद-धूप घातल्यासारखा सुवास, असं म्हणा. बौद्ध भाषांतरकारांनी हेच धुराचं अक्षर 'वासना' ह्या पारिभाषिक शब्दासाठी वापरलं. कपड्याला धूप दिला की वास मागे उरतो तसा कर्माचा संस्कार चित्तात उरतो, ही मूळ कल्पना. मराठीत वासना म्हटलं की भलतंच डोळ्यांसमोर येतं, पण शब्दात 'वास' आहे हे विसरायला नको. तेव्हा रेनच्या नावात शहाणपणाचा धूप जळतो आहे, आणि त्याला लागलेले दोन्ही शब्द, ज्ञान आणि वासना, आपल्याला ओळखीचे आहेत.

शिकवण्याचा हून दिसायला सगळ्यांत गरीब: डावीकडे 'वाणी', उजवीकडे 'नदी'च्या तीन रेघा, एकूण दहा. पण मान मोठा. राजा सेजोंगने १४४३ मध्ये कोरियन लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती 'हुनमिनजंगउम' ह्या नावाने जाहीर केली. लोकांना शिकवायचे योग्य ध्वनी, असा त्याचा अर्थ. त्यातलं पहिलंच अक्षर हे हून. अक्षर ओळखायची जी जोडनावं वर पाहिली, त्यांतल्या अर्थाच्या भागालाही कोरियनमध्ये 'हून'च म्हणतात, आणि तोही हाच.

चौथं काम: नाव कुठल्या काळातलं आहे ते बघा

कोरियन नावं मुळात अशी नव्हती. सिल्ला ह्या प्राचीन कोरियन राज्यात देशी शब्दांची नावं होती आणि चिनी अक्षरं ती कशीबशी लिहून काढण्यापुरती वापरत. सहाव्या शतकातला मंत्री गछिल्बू ह्याचं नाव ११४५ मध्ये पुरी झालेल्या 'सामगुक सागी' ह्या इतिहासात दोन प्रकारे येतं: एकदा उच्चार जुळवून, एकदा 'खडबडीत' असा अर्थ घेऊन. पुढे चिनी धाटणी पक्की झाली. एक अक्षर आडनावाचं, दोन नावाची, आणि आडनाव आधी.

जोसन काळात (१३९२ ते १९१०) खानदानी पुरुषाला एक नाव पुरत नसे. लहानपणीचं नाव वेगळं, वयात आल्यावरचं वेगळं, बरोबरीच्या लोकांनी हाक मारायचं वेगळं आणि लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणखी वेगळं. लहानपणी मुलाला 'गेत्तोंग', म्हणजे कुत्र्याची विष्ठा, अशा नावानेही हाक मारत. वाईट नजरेला पोर नकोसं वाटावं म्हणून. ज्यांच्या घराण्यात एखादे धोंडूतात्या, दगडूमामा नाहीतर केरबा होऊन गेले असतील, त्यांना हे समजावून सांगायला नको. राजाच्या नावातलं अक्षर प्रजेने वापरायचं नाही असाही दंडक होता. म्हणून राजघराण्यातच मुलांना सहसा न लागणारी दुर्मिळ अक्षरं देत. सेजोंगचं खरं नाव 'दो', आणि ते अक्षर रोजच्या लिहिण्यात कुणाला लागत नसे.

वरचा कवी चो जिहून ह्याच जुन्या चालीचा शेवटचा काळ दाखवतो. जन्म १९२०, उत्तर ग्यंगसांग प्रांतातल्या यंग्यांगचा. घरात ठेवलेलं नाव दोंगताक. जिहून हे त्याचं टोपणनाव: पवित्र वनस्पतीचा जि, सुवासाचा हून, दोन्ही अक्षरांच्या डोक्यावर गवताचं चिन्ह. १९४६ मध्ये पाक मोगवल आणि पाक दुजिन ह्या मित्रांबरोबर त्याचा एकत्र कवितासंग्रह आला आणि तेव्हापासून तिघांची नावं एका दमात घेतली जातात. १९६० मध्ये त्याने 'जिजो' म्हणजे निष्ठा ह्या विषयावर लिहिलेला निबंध आजही वाचला जातो. त्या जिजोतला जि मात्र इराद्याचा, त्याच्या स्वतःच्या नावातला नव्हे. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण मुद्दाम देते. एकाच माणसाच्या लेखणीतले दोन जि, आणि कानाला दोन्ही सारखे.

मधल्या काळात जपानी राजवटीने १९४० पासून जपानी धर्तीची कुटुंबनावं घ्यायला भाग पाडलं. १९४६ मध्ये दक्षिणेत जुनी नावं परत नोंदवण्याचा आदेश निघाला. त्यानंतरच्या दोन दशकांत यंगसू हे नाव सगळीकडे दिसतं. १९७० च्या सुमारास जंगहून वर येतं, आणि मग जिहून. म्हणजे हून आधीपासून होताच, फक्त पहिलं अक्षर बदललं. २००० नंतर मिनजुन पुढे गेलं आणि जिहून जरा 'दादाच्या पिढीचं' वाटू लागलं. आपल्याकडे सुरेश-रमेश मागे पडून अमित-सचिन आले, मग आर्यन-विहान, तोच प्रकार.

पाचवं काम: भावाचं नाव विचारा

पुष्कळ घराण्यांत एका पिढीतल्या सगळ्या भावंडांच्या, चुलतभावांच्याही, नावात एक अक्षर सामाईक असतं. त्याला 'दोल्लिमजा' म्हणतात. कुठल्या पिढीला कुठलं अक्षर हे घराण्याच्या वंशावळीत आधीच ठरलेलं. पुष्कळ ठिकाणी लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ह्या पंचतत्त्वांच्या क्रमाने अक्षरं फिरतात. धुराच्या पोटी आग असल्यामुळे कर्तबगारीचा हून अग्नीच्या पिढीला सोयीचा.

सर्वांत सुबक उदाहरण सोळाव्या शतकातलं आहे. जपानी आरमाराला धूळ चारणारा सेनापती ई सुनशिन (१५४५–१५९८) हा चार भावांतला तिसरा. हुईशिन, योशिन, सुनशिन, उशिन. शिन म्हणजे मंत्री, ते सामाईक. पहिली अक्षरं चिनी पुराणातल्या चार आदर्श राजांची, क्रमाने. बापाने चारही मुलांना एकेका राजाचा मंत्री करून ठेवलं.

तेव्हा जिहूनच्या भावाचं नाव संगहून असेल तर हून सामाईक. बहीण जिउन असेल तर जि सामाईक असू शकतो, कारण बरेच जण आता घराण्याची वंशावळ न बघता भावंडांपुरता मेळ साधतात. जि मुलीमुलांना दोघांनाही चालतो, हून मात्र मुलग्यांचाच समजतात.

आडनावावरून फारसं काही कळत नाही. २०१५ च्या जनगणनेत किम, ई आणि पाक ह्या तीन आडनावांतच जवळपास ४५ टक्के लोक होते. त्याऐवजी मूळ गाव विचारतात: गिमहेचे किम, जंजूचे ई, मिऱ्यांगचे पाक. एकाच मूळ गावच्या एकाच आडनावात लग्न चालत नसे. सगोत्र विवाहासारखाच हा नियम. १९९७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्याविरुद्ध निकाल दिला आणि २००५ मध्ये तो कायद्यातून गेला.

सहावं काम: अक्षरं मिळवायची कुठून

प्रसिद्ध माणूस असेल तर कोरियन विश्वकोशात नावापुढे हांजा दिलेली असते. ओळखीचा माणूस असेल तर त्याच्या राष्ट्रीय ओळखपत्रावर कोरियन नावापुढे कंसात असते, पण ओळखपत्र मागायला जाऊ नका. त्यालाच सांगा, "हांजा लिहून दाखवता का?" बहुतेकांना हा प्रश्न आवडतो. हाताने लिहिलेलं अक्षर कोरियन शब्दकोशाच्या ॲपमध्ये बोटाने गिरवलं की जोडनाव आणि अर्थ समोर येतो. नुसता उच्चार टाकून पहिला दिसेल तो अर्थ उचलणं ही नेहमीची चूक, आणि मीही ती केली आहे.

एक आणखी. १९९१ पासून नावात कुठली चिनी अक्षरं चालतील ह्याची सरकारी यादी आहे. २०१५ मध्ये ती ८,१४२ अक्षरांपर्यंत वाढवली होती. नाव, आडनाव सोडून, पाच अक्षरठोकळ्यांपेक्षा लांब ठेवता येत नाही. बाळाची जन्मनोंद महिन्याच्या आत करायची असते, म्हणून बरीच कुटुंबं नामकरणाच्या दुकानात धाव घेतात. जन्माचं वर्ष, महिना, दिवस, तास बघून रेघा मोजून नाव काढून देणारी ही मंडळी. आपल्या पत्रिका आणि नावराशीच्या जगाला फार परकी नाहीत.

सातवं काम: हाक

अर्थ सापडला तरी तोंडाने नाव घेताना जपून. मित्र मित्राला हाक मारतो 'जिहूना'. शेवटी व्यंजन असेल तर आ, स्वर असेल तर या: 'मिनसूया'. देवा, रामा, गोविंदा म्हणणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पण ही हाक बरोबरीच्याला किंवा लहानालाच. ओळख कमी असेल तर नावापुढे 'श्शी' लावतात, आणि मराठी माणसाला ते किळस आल्यासारखं ऐकू येतं. माझ्या पहिल्या वर्षी मी पन्नाशीच्या विभागप्रमुखांना सगळ्यांसमोर 'जिहून-श्शी' म्हटलं. कोरियन बाजूची टेबलं एकदम गप्प. मला वाटलं मी सन्मानाने बोलले. खरं म्हणजे वरिष्ठाला आडनाव, हुद्दा आणि आदराचं 'निम': किम बुजांग-निम. नाव नाहीच घ्यायचं.

वडिलांचं नाव सांगताना तर तरुण कोरियन माणूसही अक्षरं सुटी करतो आणि प्रत्येकापुढे 'जा', म्हणजे 'हे अक्षर', असं लावतो: किम, जि-जा, हून-जा. नाव घेतलं पण सलग उच्चारलं नाही. नवऱ्याचं नाव उखाण्यात दडवणाऱ्या आपल्या आज्यांना ही युक्ती कळली असती.

त्या विभागप्रमुखांनी नंतर चहाच्या वेळी मला आपली अक्षरं पेनने कागदी रुमालावर काढून दाखवली: इराद्याचा जि, कर्तबगारीचा हून. शेजारी बसलेल्या त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरचंही नाव जिहूनच. त्याला विचारलं तर तो हसला. त्याच्या आईने नोंदणी करताना हांजा लिहिलीच नव्हती. तिला नुसता आवाज आवडला होता. अशा वेळी वहीत 'हांजा नाही' एवढंच लिहायचं आणि अर्थाचा रकाना रिकामा सोडायचा.